भोपूसाठी कवळी

"घरात कुत्रा आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांचं हातमोज्यातलं बोट तिच्या नवऱ्याच्या जांघेच्या वळीत एका काळ्या खपलीशी थांबलं होतं. "नाही," ती म्हणाली आणि त्या बोटाकडे बघत राहिली. खपली शर्टाच्या बटणापेक्षाही लहान होती, भोवती लालसर कडं, कुणी पेटती सिगारेट टेकवल्यासारखी. ती तिने कधी पाहिली नव्हती. समोर नवरा तापाने फणफणतोय, डोळे उघडत नाही, ओठांची सालं निघालीत, आणि आपल्या मनात आधी काय आलं, तर या अंगावरची एक खूण आपल्याआधी दुसऱ्या बाईला सापडली. तिला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मनातलं जातं थोडंच? ते फक्त जरा सरकून बसतं.

ताप आला तेव्हा घराजवळच्या नेहमीच्या डॉक्टरांनी साथ चालू आहे, अंग मोडून येणारच, असं म्हणून गोळ्या दिल्या होत्या. नवऱ्याचं काम लिफ्ट तपासण्याचं. उंच इमारतींच्या पोटातल्या त्या अंधाऱ्या विहिरींत उतरून दोर, ब्रेक, दारं बघायची आणि लिफ्ट माणसं न्यायला लायक आहे असं सही करून सांगायचं. त्यामुळे मनगटांवर लाल ठिपके दिसले तेव्हा तिला वाटलं, ग्रीस उठलं असेल अंगावर. मग ते घोट्यांवर आले. पडदा सरकवला तरी तो उजेडाने कळवळायला लागला, डोकं उशीवर टेकवेना. आणि आज सकाळी ठिपके तळहातांवर उतरले आणि तो तिला "तिसऱ्या मजल्यावर थांबवा" म्हणाला, तेव्हा मात्र तिने त्याला टॅक्सीत घालून थेट रुग्णालय गाठलं. तिथल्या या डॉक्टरीणबाई, बुटक्या, चष्मा कपाळावर ढकललेला, बोलताना पेशंटकडेच बघणाऱ्या. त्यांनी काचेची पट्टी ठिपक्यावर दाबली, "फिका पडतोय, अजून बरं आहे," असं स्वतःशीच पुटपुटल्या, आणि मग त्याचे केस, कानांमागची जागा, काखा, बोटांच्या बेचक्या अशा तपासायला लागल्या की चोरीचा माल शोधणाऱ्यांनीही इतकं बारीक बघू नये. माल सापडला जांघेत.

"रानात, गवतात कुठे गेले होते?"

"लिफ्ट तपासतात ते. सिमेंटशिवाय काही दिसत नाही त्यांना."

तेवढ्यात तो बोलला. डोळे मिटलेलेच, पण आवाज अगदी कामाचा, रोजचा. "भोपूच्या कानातल्या काढायच्या राहिल्या. चिमटा कुठे ठेवलास?"

"भोपू कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"त्यांचे जुने सहकारी," ती घाईने म्हणाली. "लिफ्टचे मेकॅनिक होते. आता थकलेत, तोंडात एकही दात नाही."

"आणि त्यांच्या कानातून हे चिमट्याने काय काढतात?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. तिला मात्र पायाखालची फरशी गार लागली, चपला असूनही. एखादा शब्द आपण वर्षानुवर्षं चुकीचा वाचलेला असावा आणि कुणीतरी तो आपल्यासमोर मोठ्याने, बरोबर वाचावा, तसं झालं. भोपू माणूस नव्हता. भोपू कुत्रा होता. नवऱ्याच्या पहिल्या बायकोकडे राहिलेला कुत्रा; वेगळे होताना कुत्रा तिच्याकडे ठेवला, असं तो एकदा नाव न घेता बोलला होता.

आणि गंमत अशी की नवऱ्याने एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं. "भोपूकडे जाऊन येतो," एवढंच तो म्हणायचा. "म्हातारा झालाय फार. दात गेले सगळे. एकटाच पडून असतो." मेकॅनिक होते का, हे तिनेच विचारलं होतं, आणि तो "हं" म्हणाला होता. त्या एका "हं"वर तिने अख्खा माणूस उभा केला. खोकणारा, खिडकीशी बसून राहणारा, बायको नसलेला. त्याच्यासाठी ती सूप करून द्यायची, मऊ उकडलेले बटाटे कुस्करून द्यायची. डबा लखलखीत परत यायचा. "आवडलं का त्यांना?" "चाटूनपुसून खाल्लं," नवरा सांगायचा. ती सुखावायची. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. शहरातले दंतवैद्य लोकांच्या जबड्यांची मापं पाठवायचे आणि ती मेणात दात रोवून कवळ्या बसवायची. म्हणून एकदा ती अगदी मनापासून म्हणाली होती, "त्यांना एकदा लॅबवर घेऊन या ना. मी माप घेते आणि छान कवळी करून देते, फुकट." नवरा हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. तिला तेव्हा वाटलं होतं, म्हाताऱ्या मित्राच्या आठवणीने गलबलला असेल बिचारा. आता रुग्णालयाच्या त्या हिरव्या पडद्याआड ते हसू तिला पुन्हा ऐकू आलं, आणि त्याच्यामागे आणखी एक हसू ऐकू आलं, बाईचं. त्याने तिकडे जाऊन सांगितलं असणारच. 'कवळी करून देते म्हणाली, भोपूला.' दोघं किती हसली असतील. कुत्रा मध्ये बसलेला असेल, जीभ काढून.

डॉक्टरीणबाई सांगत होत्या. गोचीड चावल्याची खूण आहे ही. कुत्र्याच्या, गुरांच्या अंगावर असते, गवतात गळते, माणूस सापडला की त्याला चिकटते. दुखत नाही, खाजत नाही, पोट भरलं की सुटून जाते. जाताना जंतू मागे ठेवते. ते रक्तवाहिन्यांच्या अस्तरात शिरतात, मग आतून बारीक बारीक पाझरायला लागतं. हे ठिपके म्हणजे तेच. "रक्त पाठवतेय, पण ते आत्ता काही सांगणार नाही. शरीराने लढाई उभी केल्याशिवाय ती रक्तात दिसत नाही. पुन्हा काही दिवसांनी पाठवू, तेव्हा खात्री होईल. तोवर थांबायचं नाही, औषध आत्ताच सुरू. जुनंच औषध आहे, डॉक्सी. वेळेवर पोचलं की ताप झपाट्याने उतरतो. उशीर झाला तर मूत्रपिंडं, फुप्फुसं, मेंदू, कुठेही जाऊ शकतं."

"मला होईल का?"

"माणसाचा माणसाला लागत नाही. पण एकाच ठिकाणी दोघं असतील तर दोघांनाही चावलेली असू शकते. हे जातात तिथे आणखी कोण असतं?"

एकाच ठिकाणी दोघं. तिने पर्सचा बंद उगाचच घट्ट केला. "मला नाही माहीत," ती म्हणाली.

"विचारून कळवा त्यांना. ताप आला तर अंगावर काढू नका म्हणावं."

सलाइन लागलं. पिवळसर औषध नळीतून थेंब थेंब उतरायला लागलं आणि ती बाकड्यावर नवऱ्याचा फोन मांडीवर घेऊन बसली. फोनमध्ये भोपूचा नंबर होता. हेही तिला ठाऊक होतं, तिने तो नंबर कितीदा पाहिला होता, आणि मनात म्हटलं होतं, म्हाताऱ्याकडे फोन आहे हे बरं. भोपूचे न घेतलेले कॉल ओळीने दिसत होते, परवाचे, कालचे. आजचा एकही नव्हता. पहिलीने फोन करणं सोडलं होतं. मनात ती तिला 'पहिली' म्हणायची. नाव घेतलं तर माणूस होतं, आणि शिवी द्यावी तर शिवी देण्यासारखं पहिलीने काही केलेलं नव्हतं. त्या दोघांचं कॉलेजातलं प्रेम, मग लग्न, मग पटलं नाही आणि वेगळे झाले, भांडण नाही, कोर्टात आरडाओरडा नाही. तिला वाटायचं, भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणाने निदान काहीतरी संपतं. ती स्वतः चाळिशीला टेकल्यावर लग्नाच्या बोहल्यावर चढलेली. तो वयाने मोठा, अनुभवाने मोठा, म्हणून तिने 'अहो'ने सुरुवात केली आणि ते 'अहो' मग सुटलंच नाही. मध्ये एकदा ती लाडात येऊन "ए, ऐक ना" म्हणाली, तर त्याने इतक्या दचकून वर पाहिलं की तिने पुढचं वाक्य पुन्हा 'अहो'वर आणून बांधलं. तो कुणाचा आवाज ऐकू आल्यासारखा दचकला, हे तिला कळलं होतं. कळूनही तिने विचारलं नाही. आई तिला लहानपणी म्हणायची, "तू एखाद्याला धरलंस की गोचिडीसारखी चिकटतेस. जरा सैल धरायला शीक." म्हणून ती शिकली होती. न विचारायला शिकली होती.

पहिलीला तिने एकदा पाहिलं होतं, नवऱ्याच्या जुन्या फोटोतल्या चेहऱ्यावरून ओळखलं होतं. दुकानात लिंबं निवडत होती. रोपवाटिकेत काम करणारी बाई, उन्हाने रापलेली, मोठ्या पंजाची. एकेक लिंबू नाकाशी नेऊन ती परत ठेवत होती. ही आपली गाडी ढकलत तिच्या मागे मागे फिरली, ती जे घेईल ते बघत. साबण, मेणबत्त्या, पक्ष्यांचं खाद्य. बाहेर आल्यावर हिच्या लक्षात आलं की आपण स्वतः काहीच घेतलेलं नाही. आणि एकदा तर ती कालव्यापलीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत गेली होती, पहिलीचं घर तिथून दिसतं म्हणून. दिसलं. बुटकी भिंत, उंच वाढलेलं गवत, दारापाशी एक हिरवी खुर्ची. ती उतरली नाही. कंडक्टरने विचारलं, "बाई, उतरायचं नाही?" ती म्हणाली, "चुकून बसले." त्याच बसने परत आली.

सकाळी नवऱ्याचा ताप किंचित उतरला. पुरता शुद्धीवर नव्हता, पण पाणी मागितलं आणि ग्लास स्वतःच्या हाताने धरला. ती बाहेर आली, व्हरांड्यातल्या उन्हात उभी राहिली आणि भोपूला फोन लावला. डॉक्टरांनी कळवा म्हटलंय, कळवायचं, दोन वाक्यं, कोण बोलतंय हेही सांगायची गरज नाही. फोन लगेच उचलला गेला.

"किती वेळ वाट बघायला लावतोस रे," पलीकडचा आवाज खरखरीत, लांबून आल्यासारखा. "मला उठवत नाहीये. डोकं फुटतंय. भोपूला पाणी ठेवायचंय... येतोस ना?"

'रे'. एवढ्याशा अक्षराने काळजात बारीक काटा मोडावा तसं झालं. त्या बाईने कोण आहे विचारलंसुद्धा नव्हतं. या फोनवरून दुसरं कुणी बोलू शकेल असं तिच्या गावीही नव्हतं. "ऐकतोयस ना?" आवाज म्हणाला. तिने फोन बंद केला. मग तो पूर्णच बंद केला, बटण दाबून धरून, पडदा काळा होईपर्यंत.

आणि ती कामावर गेली. नवरा झोपला होता, नर्स होती, लॅबमध्ये एक कवळी संध्याकाळपर्यंत द्यायची होती. मालक म्हणाले, "अहो, तुम्ही कशाला आलात? घरचं माणूस आजारी." "बसून काय करू," ती म्हणाली. स्पिरिटचा दिवा लावला, मेणाची सुरी तापवली. समोर कुणाचा तरी प्लास्टरचा वरचा जबडा होता, आणि ती एकेक दात मेणात बसवत होती, जरा आत, जरा तिरका, खऱ्या दातांत असते तितकी खोड ठेवून. हात आपलं काम करत होते आणि मन त्या बुटक्या भिंतीच्या आत शिरलं होतं. ती तिथे पडली असेल. मनगटांवर ठिपके असतील, पण बघणार कोण? ती म्हणत असेल, साथ आहे, दोन दिवस पडून राहिलं की जाईल. अशी बाई डॉक्टरकडे जात नाही, ती झाडपाल्याचा काढा करून पिते. शेजारीपाजारी असतीलच की. आपण थोडंच चावलो तिला? आपल्याला तर काल दुपारपर्यंत भोपू माणूस आहे असं वाटत होतं. आपल्याला कुणी काही सांगत नाही, मग आपण का सांगत फिरायचं? एक दात तिने तीनदा काढून बसवला. 'चिमटा कुठे ठेवलास?' म्हणजे त्या घरात चिमट्याची एक ठरलेली जागा आहे, आणि तिथून तो हलला की नवऱ्याला विचारावं लागतं. ते दोघं गवतात बसतात, कुत्रा मध्ये आडवा, हा एक कान धरतो, ती दुसरा. डोकी जवळ येत असणार, यावीच लागतात, गोचीड बारीक असते. आणि तिथेच, त्याच दुपारी, एकाच गवतातून वर चढून एक त्याच्या अंगाला चिकटली असेल आणि एक तिच्या. तिच्या कुठे? मानेवर? कमरेशी? त्या दोघांच्या रक्तात आता एकच काहीतरी फिरत होतं. आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आपल्याला त्याची साधी सर्दीसुद्धा कधी लागली नाही, असं तिच्या मनात आलं आणि ती एकटीच फिसकन हसली. मालकांनी चष्म्यावरून पाहिलं.

ती मेली तर. हा विचार पहिल्यांदा आला तेव्हा तो सुटसुटीत वाटला, रिकाम्या खोलीसारखा. कुणी दोष देणार नव्हतं. नवरा बरा होऊन उठेल, भोपूला फोन लावेल, कुणी उचलणार नाही. आणि मग? तिने सुरी खाली ठेवली. मग तो रडेल, या घरात, तिच्या सोफ्यावर बसून, आणि तिला त्याच्या पाठीवरून हात फिरवावा लागेल. मग पहिली कधीच म्हातारी होणार नाही. तिचे दात पडणार नाहीत, ती कटकट करणार नाही, विसरणार नाही, तिचं एखादं बोलणं चुकीचं ठरणार नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात लिंबाचा वास आला तरी तो थबकेल. जिवंत सवतीशी निदान भांडता येतं, तिचा राग करता येतो. मेलेल्या सवतीपुढे कुणाचं काय चालणार? ती गेली तर तो कायमचा तिचा. पटकन उठून तिने ॲप्रन काढला. दया आली असं तिला वाटलं नाही, आणि नंतर कधी कुणी तसं म्हणालं तर तिला ते खरंही वाटणार नव्हतं. पोटात जे जळत होतं तेच तिला ओढून दाराबाहेर घेऊन गेलं. "दिवा विझवला का?" मालक मागून ओरडले. विझवला नव्हता. ते मुकाट्याने उठून विझवायला गेले.

टॅक्सीवाल्याला तिने घराची खूण सांगितली तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं, इतकी ती तोंडपाठ होती. फाटक उघडं होतं. गवत गुडघ्यापर्यंत, तिने साडी पोटऱ्यांवर आवळून धरली आणि वाटेच्या अगदी मधून चालली. दारात भोपू आडवा पडला होता. मोठा, करड्या तोंडाचा, एका डोळ्यात पांढरं पडलेलं. तो भुंकला नाही. कष्टाने उठला, तिच्या पर्सला नाक लावून हुंगलं, जिच्यात नवऱ्याचा फोन आणि रुमाल होता, आणि शेपूट हलवायला लागला. ती पर्स छातीशी धरून त्याला वळसा घालून आत गेली.

पहिली दिवाणावर होती. खोलीत आंबूस वास. चेहरा सुजलेला, डोळे लाल. लिंबं हुंगणारे ते मोठे पंजे चादरीवर उताणे पडले होते आणि तळहात ठिपक्यांनी भरले होते, तळहातांवरून मनगटांवर, मनगटांवरून वर. डॉक्टरीणबाईंनी काचेने दाबून पाहिलं होतं ते तिला आठवलं. तिने बोटाने दाबलं. फिके पडले नाहीत.

"कोण?"

"मी... त्यांची..." ती अडखळली.

"कवळीवाली," पहिली म्हणाली.

तिचे कान तापले. तर सांगितलं होतं. हसली होती दोघं. "हो," ती म्हणाली, "कवळीवाली. उठा. रुग्णालयात जायचंय. ते तिथेच आहेत, त्यांना हेच झालंय. गोचिडीमुळे."

"मी खूप हसले," पहिली म्हणाली. ती ऐकत नव्हती, तापाच्या धारेत कुठेतरी वाहत होती. "तो नाही हसला. माझ्यावरच चिडला. उठून गेला तडक."

"कशाला चिडले?"

पहिलीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ती ओकली. चादरीवर, स्वतःच्या हातांवर, हिच्या साडीवर. मग विचारायला वेळच उरला नाही. टॅक्सीवाला घाबरून गाडीतच बसून होता, त्याला हाक मारून आत बोलवावं लागलं. दोघांनी मिळून तिला उचललं. ती फार जड होती आणि तिचं अंग चुलीसारखं भाजत होतं. गाडीत तिचं डोकं हिच्या खांद्यावर पडलं आणि सगळी वाट तसंच राहिलं. हिला ते ढकलता आलं नाही, धरताही आलं नाही.

रुग्णालयाच्या खिडकीत विचारलं, "पेशंट तुमच्या कोण?" ती म्हणाली, "थोरली." खिडकीतल्या माणसाने 'बहीण' असं लिहून घेतलं असावं. डॉक्टरीणबाईंनी ठिपके पाहिले, तिच्याकडे पाहिलं, 'काल का नाही सांगितलंत' असं काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "उशीर झालाय. बघू." तो 'बघू' तिला पुढचे कितीतरी दिवस पुरला. खालच्या मजल्यावर नवऱ्याचे ठिपके पुसट होत तांबूस डाग राहत होते, आणि वरच्या मजल्यावर पहिलीला लघवी होत नव्हती, तिचं बोलणं थांबलं होतं, नाकाला नळी लागली होती. ती दोन मजल्यांमध्ये चढउतार करत राहिली. वर कुणी दुसरं येत नव्हतं. नर्स पहिलीचं अंग पुसायला आली की तिलाच म्हणायची, "ताई, जरा हात धरा." तिने हात धरला. पहिलीच्या कानामागे, केसांच्या कडेला, तिला ती काळी खपली दिसली. या वेळी डॉक्टरीणबाईंच्या आधी तिलाच सापडली.

भोपूलाही बघावं लागत होतं. गुरांच्या डॉक्टरने औषध दिलं, अंगण साफ करून घ्यायला सांगितलं, आणि ज्या मोठ्या झाल्यात त्या चिमट्याने काढा म्हणाला, बोटांनी चिरडू नका. लॅबमधला बारीक टोकांचा चिमटा तिने आणला, हातमोजे घातले, पायजमा मोज्यांत खोचला आणि दुपारच्या उन्हात फरशीवर बसून भोपूचा कान उलटा केला. आयुष्यात कुत्र्याला हात लावलेला नव्हता. गोचिडी शिसवी मण्यांसारख्या टरटरून फुगल्या होत्या. तोंडाशी धरून, न पिळता, सरळ वर ओढायचं. पहिली सुटेना. कातडी वर उचलली गेली, भोपू कण्हला, आणि तिला त्या टिचभर जिवाची पकड बोटांपर्यंत जाणवली. डोकं आत रुतवलंय, बाहेर काय चाललंय याचा पत्ता नाही, सोडायचं कसं हेच माहीत नाही. "सोड गं," ती म्हणाली. ती सुटली. स्पिरिटच्या बाटलीत बुडाली, पाय हलवत राहिली. भोपूने बिनदातांच्या हिरड्यांनी तिचं मनगट हलकेच धरलं आणि सोडून दिलं.

पहिली वाचली. हळूहळू, दोनदा मागे जाऊन, पण वाचली. मूत्रपिंडं चालायला लागली, नळ्या निघाल्या, ती चमचाभर पेज मागायला लागली. ती आणि ही फारसं बोलत नसत. "भोपू खातो?" "खातो." "गवत कापलं का?" "कापलं." एवढंच. ही तिच्याकडे बघायची, तीही बघायची, आणि कवळीचा विषय दोघींच्या मधल्या टेबलावर असल्यासारखा दोघी त्याला वळसा घालून पाणी, औषध, उशी असं देत घेत. मग एका सकाळी पहिली उजव्या कुशीवर, कान उशीत दाबून पडली होती आणि ही दाराशी दोनदा हाका मारून थकली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की तापाने डाव्या कानाची नस दुखावली आहे. त्या बाजूने काही ऐकू येत नाही. हळूहळू परत येईल, कदाचित येणारही नाही. तेव्हापासून ही पलंगाला वळसा घालून खिडकीच्या बाजूने जायला लागली.

नवऱ्याला तिने तो नीट बसायला लागला त्याच दिवशी सांगितलं होतं. "त्याही इथेच आहेत. वर. मी आणलं." त्याचं तोंड उतरलं होतं, दाढी पांढरी वाढली होती, आणि तिला वाटलं आता तो माफी मागेल, किंवा काहीतरी समजावून सांगेल, आणि दोन्हींची तिला सारखीच भीती वाटली. तो म्हणाला, "भोपू?" "बरा आहे," ती म्हणाली. त्याने डोळे मिटले. मग मिटल्या डोळ्यांनीच तिचा हात चाचपून धरला आणि त्याला झोप लागेपर्यंत सोडला नाही. ती पकड खरी होती. कुणासाठी होती, ते मात्र तिला हाताला कळेना.

डॉक्टरांनी त्याला चालायची परवानगी दिली त्या दिवशी तो म्हणाला, "वर जाऊन येऊ या?" 'येऊ या' म्हणाला, 'येतो' नाही म्हणाला, हे तिने नोंदवलं. लिफ्टमध्ये त्याने सवयीने दाराच्या फटीवरून बोट फिरवलं, दोर कुरकुरतोय म्हणाला. वरच्या खोलीत ऊन आलं होतं. पहिली उशांना टेकून बसली होती, तोंड खिडकीकडे, बाहेर कुणीतरी गच्चीवर गादी झोडपत होतं ते बघत. अंग निम्मं झालं होतं. तो दारातून सरळ गेला, जवळच्या स्टुलावर, तिच्या डाव्या अंगाला बसला. बायको दाराशी थांबली, पाण्याची बाटली आणि पिशवी हातात. त्याने पहिलीच्या हाताला हात लावला नाही. नुसता वाकला, तिच्या कानाशी, आणि हलक्या आवाजात, घसा साफ न करता म्हणाला, "तू गेली असतीस तर मी काय केलं असतं?"

दाराशी ते स्पष्ट ऐकू आलं. प्रत्येक अक्षर ऐकू आलं.

पहिली गादी झोडपणाऱ्याकडे बघत होती. धुळीचा लोट उन्हात उठला, ती किंचित हसली. तो थांबला. त्याची मान खाली गेली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, जणू त्याने विचारलं होतं आणि तिने उत्तर द्यायचं नाकारलं होतं. मग पहिली सहज वळली आणि दचकली. "अरे! केव्हा आलास?"

"आत्ताच," तो म्हणाला.

'त्या बाजूने बोला, उजव्या बाजूने,' हे शब्द बायकोच्या जिभेवर होते. एवढंच म्हणायचं होतं. तो उठून पलीकडे गेला असता, आणि कदाचित त्याने पुन्हा म्हटलं असतं. कदाचित नसतं म्हटलं. असलं वाक्य माणूस आयुष्यात एकदाच बोलतो, आणि तेही आजारातून उठल्यावर. कानाचं त्याला आज ना उद्या कळणारच होतं. ते वाक्य मात्र या खोलीत फक्त तिच्याकडे आलं होतं, दुसऱ्याच्या नावाच्या पत्रासारखं, आणि परत कुठे द्यायचं ते तिला माहीत होतं. ती आत आली. बाटलीचं झाकण काढलं, टेबलावरचे दोन्ही ग्लास जवळ ओढले.

"पाणी हवंय का कुणाला?" तिने विचारलं.